पत्र्याच्या भोकातला सूर्य

घोडेगावात सगळ्यात जुना कॅमेरा घरोघर होता, फक्त त्याला कुणी कॅमेरा म्हणत नव्हतं. छपराच्या पत्र्याचा खिळा निघायचा, भोक पडायचं, अन् सारवलेल्या भुईवर कवडसा उतरायचा. भोक वाकडंतिकडं, कवडसा मात्र गोल. हे असं का, हा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या एका ग्रंथातही आहे. हजारेक वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल्-हैसमने तो नीट उकलला. भोक लहान अन् भुई लांब असली की खाली पडतो तो भोकाचा आकार नसतो, ते सूर्याचं चित्र असतं. अंतराला १०८ ने भागलं की चित्राची रुंदी निघते. दहा फुटांवरून इंचाहून थोडी जास्त. जपमाळेचे मणीही तेवढेच, पण तो योगायोग समजावा.

१६ फेब्रुवारी १९८० ला हे चित्र बदललं. खग्रास पट्टा अंकोला, हुबळी, रायचूरवरून गेला. आपल्याकडे खंडग्रास, पण सूर्याचा बराचसा भाग झाकणारं. त्यात वार शनिवार, म्हणजे शनी अमावस्या, आणि शिंगणापूरचा फाटा आमच्याच गावातून फुटतो. शनी सूर्याचा मुलगा, त्याच्याच वारी बापाला ग्रहण! गावाने दारं लावून घेतली. आमची काकू सहा महिन्यांची गरोदर. तिला आजीने अंधाऱ्या खोलीत बसवलं होतं; चिरायचं नाही, शिवायचं नाही, हलायचंसुद्धा नाही.

साडेतीनच्या पुढे काकूच ओरडली, "आत्याबाई, गिराण घरात आलं!"

भुईवरचे सगळे कवडसे विळ्याच्या पात्यासारखे झाले होते. जितकी भोकं तितक्या कोरी. आजीने एकीवर पाटी उपडी घातली, तर कोर पाटीवर चढून बसली. दार लावल्यामुळेच ती इतकी लख्ख दिसत होती, हे तेव्हा कोण कुणाला सांगणार? काकू पुढचे तीन महिने धड जेवली नाही. वैशाखात मुलगा झाला, तेव्हा बायांनी आधी त्याचे ओठ पाहिले, मग बोटं मोजली. सगळं जागच्या जागी होतं.

पुढे विज्ञानाच्या पुस्तकात 'सूचिछिद्र कॅमेरा' भेटला. पत्र्याचा डबा घेतला, आतून काजळी फासली, बुडाला सुईने भोक पाडलं. वहीच्या कागदाला गोडेतेल चोळून तो खळीने तोंडावर ताणला. डोक्यावर घोंगडी घेऊन शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात बसलो तर म्हशींचे पाय वर, शिंगं खाली, अन् दलाल उलटा लटकून रुमालाखाली बोटं दाबतोय. वरचा उजेड भोकातून सरळ खाली जातो, खालचा वर. म्हणून हे उलटं. आणि १६०० सालच्या जुलैत केप्लरने ऑस्ट्रियातल्या ग्राट्झच्या बाजारचौकातच असलं साधन उभारून ग्रहण पाहिलं होतं, हे वाचल्यावर आमचा बाजारही मला काही कमी वाटला नाही.

सूर्यासाठी मात्र डबा तोकडा. फूटभर लांबीत सूर्य ज्वारीच्या दाण्याएवढा. २४ ऑक्टोबर १९९५ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळीच ग्रहण होतं. तेव्हा मळ्यातला तीन इंची, वीस फुटी पाइप आणला. वरच्या तोंडाला जाड पुठ्ठा, त्याला सुईचं भोक. खालच्या तोंडाला तेलकागद. भोकातून सूर्याकडे पाहायचं नसतं, कागदावरचं चित्र पाहायचं. पाइप बैलगाडीला टेकवला. सूर्य सरकतो तसा टेकूही सारखा सरकवावा लागे, आणि ते काम काकूचा तोच पंधरा वर्षांचा पोरगा करत होता. कागदावर दोन इंचांचा सूर्य, एका बाजूने कुरतडलेला.

आजी नव्हती. दार उघडंच होतं. काकू ओट्यावरून उतरली, हात पदराला पुसले अन् घोंगडीत शिरली. "जरा धर रे नीट," आतून म्हणाली, "हलतंय." बराच वेळ ती बाहेर आलीच नाही.