कानसेनांची कसोटी

ज्याला स्वतःला गातां येत नाहीं, पण गाणें कळतें, त्याला आपल्याकडे कौतुकानें 'कानसेन' म्हणतात. तानसेन होणें थोड्यांच्याच नशिबीं असतें; कानसेन मात्र प्रयत्न केल्यास कोणालाहि होतां येतें. या कानसेनाच्या हातीं गेल्या सव्वाशे वर्षांत हळूहळू एक चिमुकलें साधन आलें आहे. अत्तराचा फाया कानाच्या खळगींत बसतो. हें साधन त्याहून आंत, थेट कानाच्या विवरांत शिरतें, आणि एका बारीक तारेनें यंत्राशीं जोडलेलें असतें. गायक-वादक त्याला इन-इअर मॉनिटर म्हणतात. आपण त्याला कानांतला इयरफोन म्हणूं.

त्याचा आवाज खरा कीं खोटा, आणि तें कानाला सोसतें कीं टोंचतें, हें ठरवावयाचें कसें? हे दोन प्रश्न निरनिराळे वाटतात. वस्तुतः ते एकाच प्रश्नाचीं दोन अंगें आहेत. ही गोष्ट माणसाला कशी उमगत गेली, तेवढा इतिहास आज सांगावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ संगीतांत नाहीं, वैद्यकांत आहे. १८१६ सालीं पॅरिसच्या लेनेक या डॉक्टरानें छातींतील ध्वनि ऐकण्यासाठीं नळी वापरली. पुढें १८५२ सालीं न्यूयॉर्कच्या कॅमन यांनीं दोन्ही कानांत बसणारा स्टेथोस्कोप प्रचारांत आणला. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. त्याचा आवाज इतका क्षीण, कीं चारचौघांत तो ऐकूं येणें कठीण. म्हणून १८८९ च्या नोव्हेंबरांत सॅन फ्रॅन्सिस्कोच्या एका मद्यगृहांत लुई ग्लास यांनीं नाणें टाकून चालणारा फोनोग्राफ मांडला, तेव्हां त्यालाहि स्टेथोस्कोपासारख्या नळ्याच जोडल्या होत्या. गिऱ्हाइकें नळ्या कानांत घालून गाणें ऐकत. एकच नळी अनेकांच्या कानांत जाई. ती कोणाला बसे, कोणाला सुटे. आवाजाचें नवल एवढें होतें, कीं सोईची तक्रार करण्याचें कोणाच्या मनांत आलें नसावें.

ती तक्रार प्रथम मनावर घेतली ती टेलिफोनच्या एका शास्त्रज्ञानें. पॅरिसचे अर्नेस्ट मर्कादिए यांना १८९१ सालीं अमेरिकेंत एक पेटंट मिळालें. दोन्ही कानांत घालावयाच्या दूरध्वनीची ती जोडी होती, आणि तिचें वजन पावणेदोन औंसांहूनहि कमी होतें. कानांत शिरणाऱ्या टोंकांवर त्यांनीं रबराची टोपी बसविली. त्या टोपीचीं दोन कामें त्यांनीं सांगितलीं: कानाच्या तोंडाशीं होणारें घर्षण कमी करणें, आणि बाहेरचा आवाज अडविणें. श्रोतेहो, या दोन कामांकडे लक्ष द्या. पहिलें काम सोईचें, दुसरें आवाजाचें. आणि दोन्ही करणारी वस्तु एकच! आज दुकानांत इयरफोनबरोबर लहानमोठ्या रबरी टोप्यांच्या तीन-चार जोड्या मिळतात. त्यांचें मूळ येथें आहे.

दुसरें मोठें पाऊल टाकलें तें अमेरिकेंतील यूटा प्रांताच्या नॅथॅनिएल बाल्डविन यांनीं. १९१० च्या सुमारास त्यांनीं आपल्या स्वयंपाकघरांत हेडफोन तयार केले आणि ते अमेरिकन आरमाराला विकले. त्यांतील श्रवणयंत्रांत लोखंडाची एक लहान पट्टी चुंबकांच्या मध्यें अशी तोलून धरलेली असे, कीं अत्यंत दुर्बळ विद्युत्प्रवाहानेंहि ती थरथरे आणि तिला जोडलेला अभ्रकाचा पडदा हलवी. तोललेल्या पट्टीची ही कल्पना ध्यानांत ठेवावी. ती पुढें आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

१९२७ च्या जुलैंत मुंबईचें नभोवाणी-केंद्र सुरू झालें, त्या काळीं स्फटिक-ग्राहकावर कार्यक्रम ऐकावयाचा तर हेडफोन कानाला लावूनच ऐकावा लागे. पुढें ध्वनिवर्धक आले, सारें घर एकत्र बसून ऐकूं लागलें, आणि हेडफोन तारायंत्रवाल्यांकडे व प्रयोगशाळेंत गेला. १९३७ सालीं जर्मनींतील बायर यांनीं हलत्या वेटोळ्याचा पहिला हेडफोन काढला. १९७९ सालीं जपानच्या सोनी कंपनीच्या वॉकमननें संगीत पुन्हा एकेकट्याच्या कानाशीं नेलें. पण हीं सारीं साधनें कानाबाहेरचीं. कानाच्या आंत काय चाललें होतें, तें पाहण्यासाठीं आपल्याला बधिरांच्या दुनियेंत गेलें पाहिजे.

बहिऱ्या माणसाचें यंत्र लहान हवें, थोड्या विजेवर चालणारें हवें, आणि दिवसभर कानांत राहूनहि न दुखणारें हवें. १९४६ सालीं ह्यू नोल्स यांनीं अमेरिकेंत जी कंपनी काढली, तिनें बाल्डविनच्या त्याच तोललेल्या पट्टीचें तत्त्व तांदळाच्या कांहीं दाण्यांएवढ्या डबींत बसविलें. कानाचा सांचा घेऊन त्याबरहुकूम मूस बनविण्याची कलाहि श्रवणयंत्रवाल्यांनींच वाढविली. परंतु त्या यंत्रांतून बोलणें कळे. संगीत मात्र पत्र्याच्या डब्यांतून आल्यासारखें वाटे. बहिऱ्याला शब्द मिळाले कीं पुरे, त्याला सुरांची काय गरज, अशी एक समजूत त्यामागें होती.

ही समजूत खोटी ठरविण्याचें श्रेय मीड किलियन या अमेरिकन शास्त्रज्ञाकडे जातें. १९७९ च्या आपल्या प्रबंधांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, श्रवणयंत्रहि उत्तम संगीत-यंत्राच्या तोडीचा आवाज देऊं शकतें. आणि तें केवळ आलेखांनीं नव्हे, माणसांना ऐकवून दाखवून दिलें. १९८३ सालीं त्यांनीं इलिनॉय प्रांतांत एटिमोटिक रिसर्च ही संस्था काढली. १९८४ सालीं कानाच्या तपासणीसाठीं कानांत शिरणारा इयरफोन निघाला, आणि १९९१ सालीं त्यांतूनच रसिकांसाठीं 'ईआर-४' हा इयरफोन आला. ज्या साधनाला आज संगीतशौकीन डोक्यावर घेतात, तें बधिरांच्या गरजेंतून जन्मलें, हें विसरूं नये.

आतां किलियन यांच्यापुढचा खरा पेंच पाहूं. वरवर वाटतें कीं, जो इयरफोन सर्व स्वर सारख्याच जोरानें देईल तो निर्दोष. पण कान हा नुसता भोंक नाहीं. तो स्वतःच एक वाद्य आहे. विवराची लांबी सुमारें अडीच सेंटिमीटर. एका बाजूस बंद असलेल्या बासरीप्रमाणें तें सेकंदास सुमारें तीन हजार कंपनांच्या आसपास घुमतें. १९४६ सालीं वीनर व रॉस यांनीं जिवंत माणसांच्या कानांत बारीक नळी सारून हा घुमारा मोजला. बाहेरची पाळी आणि विवर मिळून त्या पट्ट्यांतला आवाज पडद्यापाशीं पंधराएक डेसिबेलनीं वाढवितात. जन्मापासून आपण जग असेंच ऐकत आलों आहों. विवरांत बूच बसलें कीं हा नैसर्गिक घुमारा नाहींसा होतो. तेव्हां जो इयरफोन तो घुमारा स्वतः भरून काढील, तोच कानाला सरळ वाटेल. यंत्राला सरळ दिसणारा इयरफोन कानाला मात्र मंद व दूरचा वाटेल.

यासाठीं मोजमापहि कानासारखें हवें. १९७० च्या सुमारास सिराक्यूज विद्यापीठाच्या झ्विस्लोकी यांनीं बंद कानाच्या पोकळीची धातूची प्रतिकृति बनविली. १९७२ सालीं नोल्स कंपनीनें सरासरी मापाचा एक पुतळा तयार केला. त्याच्या कानांत ध्वनिग्राहक बसविलेले होते. त्यानंतर इयरफोनची परीक्षा माणसाच्या कानाजवळ जाणाऱ्या कानांत होऊं लागली.

तथापि सरासरी कान कोणाच्याहि डोक्यावर नसतो. व्यक्ति तितक्या प्रकृति, तसे व्यक्ति तितके कान. एवढेंच नव्हे, एका माणसाचेहि दोन कान तंतोतंत सारखे नसतात. टोपी आणि पडदा यांमध्यें उरणारी जागा अगदीं थोडी. ती घट्ट बंद असेल, तर इवलासा पडदाहि डग्ग्याची घुमक भरपूर उठवितो. बारीकशी फट राहिली, कीं तीच घुमक निसटून जाते आणि उरतो तो कर्कश किणकिणाट. पुष्कळांनीं 'याला खर्ज नाहीं' म्हणून टाकून दिलेला इयरफोन वस्तुतः त्यांच्या कानांत नीट बसलेलाच नसतो. टोपी बदलली कीं तोच इयरफोन निराळा बोलूं लागतो. म्हणून सुखानें बसणें ही चैन नव्हे, ती आवाजाची पहिली अट आहे.

रंगमंचावर ही गोष्ट पणास लागली. मोठ्या जलशांत वादकाला स्वतःचें वाद्य ऐकूं यावें म्हणून पायाशीं ध्वनिवर्धक ठेवीत. ढोल मोठा, म्हणून वर्धक मोठा. वर्धक मोठा, म्हणून शेजारचा वादक आणखी मोठा. या चढाओढींत कान निकामी होत. स्टीफन अँब्रोस आदि कांहीं मंडळींनीं कानांतल्या इयरफोनचे प्रयोग आधींच आरंभिले होते. १९९५ सालीं जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञानें अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन या ड्रमवादकासाठीं कानाच्या सांच्यावरून, खर्ज आणि तार स्वर वांटून देणाऱ्या दोन श्रवणयंत्रांचा इयरफोन बनविला. कान बाहेरून बंद झाला, कीं आंतला आवाज थोडा असला तरी पुरतो. मात्र साधन फक्त सोय देतें. आवाज कमी करण्याचें काम माणसालाच करावें लागतें.

मग उरला आवडीचा प्रश्न. २०१२ नंतर हार्मन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अनेक श्रोत्यांना कोणता इयरफोन हें न कळूं देतां ऐकविलें. चांगल्या खोलींत चांगल्या ध्वनिवर्धकावर ऐकल्यासारखा, किंचित् भरीव खर्जाचा आवाज बहुतेकांना रुचला. सर्वांना नव्हे, वय आणि सवय यांप्रमाणें आवड कमीअधिक झाली. किंमत आणि नांव डोळ्यांआड गेलें, कीं कान किती प्रामाणिक होतो, हेंहि त्यांत दिसलें.

या सव्वाशे वर्षांच्या अनुभवाचें सार घरच्या परीक्षेला लावतां येतें. प्रथम टोपी बसवावी, मगच आवाज पारखावा. दोन इयरफोन ताडून पाहतांना दोघांचा जोर सारखा ठेवावा. कारण किंचित् मोठा आवाज नेहमींच गोड वाटतो, आणि आवाज वाढला कीं खर्ज अधिक भरतो, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालींच दाखविलें आहे. जें गाणें आपण समोर बसून ऐकलें आहे, तेंच लावावें; तंबोऱ्याची जवारी ज्याच्या कानांत मुरली आहे, त्याला खोटी जवारी लगेच कळते. पांच मिनिटांवर निकाल देऊं नये. बोलतांना, चावतांना जबड्याबरोबर विवराची भिंत हलते. तासाभरानें जें टोंचूं लागतें, तें पहिल्या क्षणीं कळत नाहीं. तार कपड्याला घासली कीं तिची खरखर थेट कानांत येते. ती कानावरून मागें नेली तर बरीच शमते. तारेची ही एक अडचण खरी. पण तिला बॅटरी लागत नाहीं आणि स्वर पोंचण्यास विलंब लागत नाहीं. म्हणून २०१६ नंतर बिनतारी इयरफोनांची लाट आली, तरी तार नाहींशी झाली नाहीं.

शेवटीं एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या मानकाप्रमाणें प्रौढ माणसानें आठवड्याला ८० डेसिबेलचा आवाज ४० तास ऐकावा, एवढीच मर्यादा आहे. त्याहून तीन डेसिबेल वाढले, कीं वेळ निम्मा होतो. अंतःकर्णांतल्या सूक्ष्म रोमपेशी एकदां मेल्या, कीं माणसांत त्या पुन्हा उगवत नाहींत. श्रवणयंत्रवाल्यांनीं बहिऱ्यांसाठीं घडविलेलें हें साधन चांगले कान बधिर करण्याच्या कामीं यावें, याहून मोठी विटंबना नाहीं. बाहेरचा गलका अडवून हळू आवाजांत बारकावे ऐकविणें, हाच त्याचा खरा गुण. ज्या इयरफोनवर आवाज वाढवावासा वाटत नाहीं, तो उत्तम समजावा. आणि ज्याला तो वाढवावासा वाटत नाहीं, तोच खरा कानसेन.