अतिस्वेदन व मानसिक स्वास्थ्य

शरीराचे तापमान राखण्यास लागतो त्याहून पुष्कळ अधिक घाम येणे म्हणजे अतिस्वेदन होय. अवटू ग्रंथीचे विकार, संक्रामण, औषधे यांसारखे कारण न आढळल्यास त्यास प्राथमिक अतिस्वेदन म्हणतात. ते बहुधा कुमारवयाच्या सुमारास सुरू होते, तळहात, तळपाय व काखा येथे आढळते आणि झोपेत थांबते. मनाच्या क्षोभाने वाढणारा व निद्रेत नाहीसा होणारा हा विकार मनाचाच असला पाहिजे, असा समज त्यामुळे दीर्घकाळ टिकला.

भावना व घाम यांचा संबंध प्राचीनांना ठाऊक होता. भरताच्या नाट्यशास्त्रात स्वेद हा आठ सात्त्विक भावांपैकी एक असून त्याच्या कारणांत क्रोध, भय व लज्जा यांबरोबर श्रम, रोग आणि ताप यांचीही गणना आहे. हा समतोल पुढील वैद्यकास नेहमीच साधला असे नाही. १८८८ मध्ये फ्रेंच वैद्य शार्ल फेरे यांनी उद्दीपनामुळे शरीराचा विद्युत् रोध घटतो, असे दाखविले. १८९५ मध्ये फ्रॉइड यांनी चिंता मज्जाविकृती वेगळी काढताना तिच्या लक्षणांत घामाच्या झटक्यांचा समावेश केला. युंग व पीटर्सन यांनी १९०७ मध्ये भावनिक प्रतिसाद त्वचेवरील विद्युत् बदलांवरून मोजले. हातांवरील घाम म्हणजे चिंतेचे चिन्ह, हे समीकरण पक्के होत गेले.

जपानी शरीरक्रियावैज्ञानिक यास कुनो यांचा १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ या बाबतीत महत्त्वाचा ठरला. औष्णिक घाम काही विलंबाने व मुख्यतः इतर त्वचेवर येतो, तर मानसिक घाम तळहात-तळपायांवर तत्काळ येतो, हा भेद त्यांनी प्रयोगांनी स्थापित केला. अर्थात मानसिक घाम हा निरोगी माणसाचाही धर्म आहे. प्राथमिक अतिस्वेदनात स्वेद ग्रंथींची रचना प्राकृत असते. त्यांना चेतविणाऱ्या अनुकंपी तंत्रिका मात्र अतिक्रियाशील असतात, आणि हा विकार अनेकदा कुटुंबांत आढळतो.

रुग्णांत चिंता व अवसाद यांचे प्रमाण अधिक असते, हे खरे. परंतु उत्तरपत्रिका ओली होणे, हस्तांदोलन टाळणे, कपड्यांवरील डाग लपविणे यांतूनही भीती जन्मते व ती पुन्हा घाम वाढविते. केवळ ‘घाबरट स्वभाव’ असे निदान करणे म्हणून अन्यायाचे होय. घाम आटोक्यात आल्यावर अनेकांचा संकोच ओसरतो. अनुकंपी तंत्रिकेवरील शस्त्रक्रिया १९२० पासून ज्ञात आहे. तीनंतर पाठ, पोट इ. ठिकाणी भरपाईचा घाम सुरू होऊ शकतो व काहींना तो मूळ विकाराहून त्रासदायक वाटतो.