गृहस्थ, गृहिणी आणि घरकोंबडा : एका अल्पायुषी विनोदविषयाची मीमांसा

‘गृहस्थ’ या शब्दाचा व्युत्पत्तीने होणारा अर्थ ‘घरात राहणारा’ एवढाच आहे. तथापि हा शब्द आपण ज्या पुरुषाला लावतो तो दिवसाचा बराचसा काळ घराबाहेर असतो, असेच गृहीत धरलेले असते. जो खरोखरच घरी राहतो त्याला आपली भाषा ‘घरकोंबडा’ म्हणते. उलट ‘गृहिणी’ या शब्दाच्या तोलाचा, घरकाम सांभाळणाऱ्या पुरुषाचा गौरवाने निर्देश करणारा शब्द मराठीत रूढ झालेला नाही. ही उणीव केवळ शब्दकोशातील नव्हे; ती समाजाच्या समजुतीची निदर्शक होय. मुलांचे संगोपन करीत घरी राहणारा बाप हा विषय विनोदाला वरचेवर मोह घालतो, पण तेथे तो स्थिरावत नाही. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विषयाचे सर्वांत सरळ उदाहरण अमेरिकन दूरचित्रवाणीवर सापडते. ‘डॅडिओ’ ही विनोदी मालिका एनबीसी या वाहिनीवर २००० सालच्या मार्चमध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात संपली. नोकरी सोडून चार मुले सांभाळणारा पती आणि वकिली करणारी पत्नी, असा तिचा प्रपंच होता. पतीची भूमिका मायकेल चिक्लिस यांनी केली होती. मालिका बंद पडण्यास प्रेक्षकसंख्येसारखी व्यावहारिक कारणे असतातच. परंतु विषयाच्या घडणीतही एक अडचण आहे. बापाला दूध उतू न घालता तापविता येत नाही, यावर काही भाग हसता येते. पुढे तो शिकला तर हशाचे कारणच नाहीसे होते, आणि शिकलाच नाही तर तो मूर्ख ठरून प्रेक्षकांची सहानुभूती गमावतो. १९८३ च्या ‘मिस्टर मॉम’ या चित्रपटाला ही अडचण जाणवली नाही. नोकरी गेलेल्या नायकाला शेवटी नोकरी परत मिळते आणि कथा संपते. मालिकेला मात्र असा सोयीचा शेवट लवकर करता येत नाही.

परंतु पुरुषाचे घरकाम हेच प्रेक्षकांना अप्रिय होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ‘हूज द बॉस?’ ही मालिका १९८४ पासून १९९२ पर्यंत आठ हंगाम चालली. तिचा नायकही पुरुषच होता, एका मुलीचा बाप होता, आणि घरकामच करीत होता. भेद इतकाच की, ते घर दुसऱ्याचे होते आणि कामाचा त्याला पगार मिळत होता. आपल्या परंपरेतही ‘नळपाक’ हा शब्द स्तुतिवाचक आहे. विराटाच्या मुदपाकखान्यात राबणारा बल्लव हास्यास्पद वाटत नाही. लग्नकार्यातील आचाऱ्याला मान असतो. तेव्हा पुरुषाने चुलीपाशी जाणे हा विनोदाचा खरा विषय नव्हे. मोबदल्यावाचून, आपल्याच घरात आणि पत्नीच्या मिळकतीवर तसे करणे, हा तो विषय आहे.

मराठी पुराव्याकडे वळले असता हेच सूत्र दिसते. नारायण बापूजी कानिटकर यांच्या १८८६ च्या ‘तरुणीशिक्षणनाटिके’ने स्त्रीशिक्षण व स्त्रीस्वातंत्र्य यांचे आपण भविष्यकथन करीत असल्याची घोषणा शीर्षकातच केली होती. स्त्री शिकली तर संसाराची घडी विस्कटेल, ही धास्ती त्या उपहासाच्या मुळाशी होती. त्यानंतरच्या अर्धशतकात विनोदाचा रोख बदलला आणि चि. वि. जोशी (१८९२–१९६३) यांनी पुरुषालाच हास्याचे लक्ष्य केले. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ (१९३२) आणि ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ (१९३३) या पुस्तकांतील चिमणराव स्वतःच आपल्या फजितीची हकीकत सांगतात. हाच संसार १९४० साली ‘लग्न पाहावे करून’ या चित्रपटाद्वारे पडद्यावर आला आणि १९७० नंतरच्या दशकात मुंबई दूरदर्शनच्या मालिकेतून घरोघरी पोहोचला. तीत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ.

चिमणरावांचे हसे होते ते बहुधा घरातच : पत्नी काऊ, मुले आणि पाहुणे यांच्या देखत. तरीही त्यांच्या कुटुंबप्रमुखपणाला धक्का लागत नाही, कारण ते पांढरपेशे मिळवते गृहस्थ आहेत. मिळकतीचा हा आधार कथेत फारसा दिसत नाही, पण सारा विनोद त्याच्यावर उभा आहे. तो काढून घेतला असता तर तेच प्रसंग करुण झाले असते.

हा आधार खरोखरच सुटलेल्या एका पित्याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यानेच दिले आहे. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) मुद्रणव्यवसायातील भागीदारीतून बाहेर पडल्यावर चलच्चित्रांच्या नादी लागले. १९१२ साली वाटाण्याचे रोप वाढतानाचे चित्रण त्यांनी घरीच केले. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. चित्रपटासाठी राबणाऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनीच केला. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, आणि तारामतीची भूमिका उपाहारगृहात नोकरी करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी केली. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यानंतर फाळक्यांनी आपला कारभार नाशकास हलविला. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटात हा काळ प्रसन्न विनोदाने रंगविला आहे. धंदा सोडलेला बाप आणि रिकामे होत चाललेले घर पाहून प्रेक्षक निर्धास्तपणे हसतो, कारण पुढील कीर्ती त्याला आधीच ठाऊक असते. ज्या बापाच्या पुढे अशी कीर्ती नाही, केवळ उद्याचा स्वयंपाक आहे, त्याला ही सवलत मिळत नाही. शिवाय या कथेतही चूल सरस्वतीबाईंकडेच राहिली, हे विसरता कामा नये.

यावरून असे म्हणता येईल की, घरी राहणाऱ्या बापाचा विनोद वस्तुतः बापाविषयी नसून घरकामाच्या किमतीविषयी आहे. जे काम गृहिणीने केले असता कुणाच्या लक्षातही येत नाही, तेच पुरुषाने केले की त्याचे हसू होते. म्हणजे ते काम त्याच्या मानाने हलके आहे, हे आपण आधीच ठरविलेले असते. भारतातील कालविनियोगाच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत बिनमोल घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत, तर भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले; आणि भाग घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण सुमारे चौथा हिस्साच होते. या आकड्यांच्या शेजारी ठेवून पाहिल्यास ‘डॅडिओ’सारखी क्षुल्लक वाटणारी मालिकाही सामाजिक इतिहासाचे साधन ठरते. अशा साधनांचा अभ्यास करताना कोण हसले एवढेच पाहून भागणार नाही. हशा चालू असताना भांडी कोण घाशीत होते, हेही विचारावे लागेल.