मास टिंबरच्या शालेय इमारती
लाकडी फळ्यांचे थर चिकटवून केलेल्या जाड तक्त्यांनी व तुळयांनी उभारलेल्या शाळा. तक्त्यांसाठी स्प्रूससारख्या मऊ लाकडाच्या फळ्यांचा एक थर उभा, त्यावरचा आडवा, असे तीन, पाच किंवा सात थर दाबून एकजीव करतात. १९९० च्या दशकात ऑस्ट्रियात, मुख्यतः ग्राझच्या तंत्रविद्यापीठातील संशोधनातून, हे तंत्र विकसित झाले. इंग्लंडमधील नॉर्विचची ओपन अकॅडमी (२०१०) हे त्याचे ठळक उदाहरण.

दारे-खिडक्यांची भोके कारखान्यातच कापून येतात; जागेवर क्रेनने तक्ते बसवून स्क्रूंनी आवळायचे, एवढेच उरते. भरल्या शाळेशेजारी बांधताना धूळ व गोंगाट कमी होतो, हा मोठाच लाभ.

पालकांची पहिली शंका आगीची असते आणि ती रास्तच आहे. जाड लाकूड पेटले की पृष्ठभागाचा कोळसा होतो. तो आतल्या गाभ्याला उष्णतेपासून जपतो. जळण्याचा वेग मिनिटाला सुमारे ०.६५ मिमी. धरून, आग जितका वेळ सोसायची तेवढ्या वेळात जळेल इतकी जाडी आधीच वाढवतात. तरीही बाहेर पडण्याचे मार्ग व पाण्याचे फवारे यांत काटकसर नको. खरा चिवट शत्रू ओल : छप्पर किंवा स्वच्छतागृहाची गळती आत मुरते, लवकर दिसत नाही. वरच्या वर्गातील पावलांचा आवाजही खाली येतो, म्हणून जमिनीवर वजनदार थर घालावा लागतो.