स्टेपनी मागे कशी गेली?

खोपोलीत जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पंक्चरवाल्याचा पहिला प्रश्न असतो, स्टेपनी आहे का? हा शब्द मुळात एका रस्त्याचे नाव. वेल्समधील लानेली गावी, स्टेपनी स्ट्रीटवर, डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाकाचा धंदा मांडला. त्यांची स्टेपनी म्हणजे टायर चढवलेली, आरे नसलेली धाव. पंक्चर झालेल्या चाकालाच ती बाजूने आवळून पुढे निघायचे. ब्रिटनमध्ये हा शब्द मागे पडला, भारतात रुजला.

पूर्ण चाकच सोबत न्यायचे ठरल्यावर ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न उभा राहिला. महायुद्धातील विलीज जीपने तो सहज सोडवला : मागच्या पत्र्यावर उजवीकडे चाक, डावीकडे इंधनाचा डबा. हे जमले, कारण त्या जीपला मागे उघडणारा फाळकाच नव्हता. १९४५ मध्ये शेतीकामासाठी आलेल्या सीजे-२ए जीपला फाळका मिळाला आणि चाक निमूटपणे बाजूला गेले. दोन वर्षांनी मुंबईत महिंद्र कंपनी विलीज जीपची जुळणी करू लागली. (तिचे आधीचे नाव महिंद्र अँड मोहम्मद. त्यातील गुलाम मोहम्मद पुढे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले!)

फाळका आणि चाक यांचे हे भांडण अजून मिटलेले नाही. २०२० च्या थारमध्ये चाक पुन्हा मागच्या दारावर आहे. पण कारखान्याची बिजागरी कारखान्याच्याच चाकाचा हिशेब धरून बनते. हौसेने मोठा टायर चढवला की चाकाचे वजन ३० किलोच्या पुढे सहज जाते, शिवाय ते बिजागरीपासून दूर लोंबते. बोरघाटातला १८३० चा गाडीरस्ता आज डांबरी असला, तरी घाटाखालच्या कच्च्या वाटांवर प्रत्येक हिसका त्या बिजागरीलाच बसतो. आधी दार खाली बसते, मग पत्र्याला तडा जातो.

यावर उपाय म्हणजे भार दाराकडून काढून चासीकडे देणे. जाड पोलादी बंपर चासीला बोल्टने आवळायचा, त्याच्या एका टोकाला उभा खुंट, खुंटावर बेअरिंगच्या आधाराने फिरणारा हात आणि दुसऱ्या टोकाला हात गच्च धरणारी कडी. सारी मदार त्या खुंटावर. तो बंपरच्या वरच्या पत्र्याला नुसता चिकटवला तर टिकत नाही. आरपार उतरवून वर आणि खाली, दोन्हीकडे वेल्डिंग करावे लागते. चाक दाराच्या जितके जवळ, तितका खुंटावरचा ताण कमी. कडीत किंचितही खेळ राहिला, तर खडखडाट सुरू होतो आणि तोच खेळ पुढे खुंट झिजवतो.

असे काम करवून घेण्यापूर्वी मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाचावे. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरबदलांना त्यात मनाई आहे. नंबरप्लेट आणि मागचे दिवे नव्या चाकाआड लपणार नाहीत, हेही आधीच मापून घ्यावे.