चुना, डिंक आणि सच्छिद्र गोळी



गवंडीकाम करणाऱ्या बांधवांच्या एका अभ्यासवर्गात एका वृद्ध कारागिराने आम्हांस विचारले, "दादा, आमचे वाडवडील घाण्यात चुना मळताना बेलफळाचा चिकट गर घालीत. त्याने चुन्याला होत होते तरी काय?" उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते शोधताना जो इतिहास हाती लागला, तो आज आपणांपुढे मांडतो.

चुनखडी, शिंपला, अंड्याचे कवच ही एकाच द्रव्याची रूपे होत : कॅल्शियम कार्बोनेट. भिंतीवरचा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून अखेर तेच बनतो. पाण्यात त्याचे साधारणतः कोनदार स्फटिक होतात. मग शिंपल्याला गोलाई कोठून येते? लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात शरीररचना शिकविणारे जॉर्ज रेनी यांना हाच प्रश्न पडला. त्यांनी डिंकाच्या दाट पाण्यात कॅल्शियम व कार्बोनेट यांची कित्येक दिवस संथपणे गाठ पडू दिली. सूक्ष्मदर्शकाखाली कोनदार खडे नव्हे, तर गोल गोळ्या दिसल्या. १८५८ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. तो डिंक आपल्या बाभळीच्या भाऊबंदांपैकीच एका झाडाचा. पुढे १८७२ साली उट्रेख्टचे प्राध्यापक पीटर हार्टिंग यांनी अंड्याचा बलक नव्हे, त्यातील पांढरा भाग व जिलेटिन वापरून केलेले असेच प्रयोग प्रसिद्ध केले.

डिंक, जिलेटिन, अंड्यातील पांढरा भाग यांचे रेणू लांबलचक साखळीसारखे असतात. त्यांनाच पॉलिमर म्हणतात. ही साखळी नुकत्या जन्मलेल्या कणाला चिकटते व त्याची वाढ अडविते. कण बारीक राहतात. असे असंख्य कण एकत्र येऊन गोळी बनली, की त्यांच्यामधल्या फटी हीच तिची छिद्रे.

या छिद्रांचा उपयोग मात्र फार उशिरा ध्यानात आला. २००४ साली जर्मनीत पॉट्सडॅमजवळच्या माक्स प्लांक संस्थेतील व्होलोद्किन, सुखोरुकोव व त्यांचे सहकारी यांनी काही मायक्रोमीटर व्यासाच्या सच्छिद्र गोळ्यांत प्रथिने भरून दाखविली. वर पॉलिमरचे थर चढवून आतला चुना विरघळविला, की औषध वाहून नेण्याजोगी कुपी उरते. या गोळ्या व्हॅटेराइट जातीच्या. पाण्यात राहिल्यास त्या कॅल्साइटचे कोनदार स्फटिक होतात व छिद्रे जातात. पॉलिस्टायरिन सल्फोनेटसारखे पॉलिमर घातल्यास हा पालट लांबतो.

२०१० साली चीनमधील संशोधकांनी तेथील जुन्या बांधकामाच्या चुन्यातील चिकट भाताची पेज तपासली. पेजेतील पिष्टाने कण बारीक ठेवले होते. तेथे कण दाटीने बसून भिंत बळकट झाली. अडविणे तेच, फळ निराळे.

गवंड्याला रेणू ठाऊक होता असे आम्ही म्हणणार नाही. ती पोकळ प्रौढी होईल. पण त्याला काहीच ठाऊक नव्हते, हे म्हणणेही अन्यायाचे होय. रेनींचे नाव शास्त्राच्या हजेरीपटावर लागले, कारण त्यांनी 'असे का?' हे विचारले आणि कृती लिहून ठेवली. गवंड्याची कृती त्याच्या हाताबरोबर जाते.

पुढच्या वर्गाला आम्ही वही घेऊन गेलो. त्या कारागिराने चुना किती, गर किती, घाणा किती वेळ फिरवावयाचा, हे सांगितले. आम्ही ते शब्दशः उतरवून घेतले आणि खाली त्याची सही घेतली.