दवंडी: कोणाला, कुठे, किती वेळा?

1905 साली वाशीम जिल्ह्यातला पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला. जिल्ह्याचं ठिकाण बदललं, तरी सरकारी खबर खेड्यात पोचायची ती जुन्याच वाटेनं: कोतवाल, दवंडी आणि चावडीवरचा कागद.

लिहिता-वाचता न येणाऱ्या गावात डफावर थाप पडली की माणसं दारात येत. 'ऐका हो ऐका' म्हणून कोतवाल सारावसुलीचा नाहीतर लिलावाचा दिवस सांगे आणि पुढच्या आळीला लागे. न ऐकण्याची सोय त्यात नव्हती.

कोणाला काय कळवायचं, याचा बारीक विचार कायद्यात दिसतो. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा नियम पाहा. हुकूम त्या जागेवर किंवा जवळपास दवंडीनं अथवा रूढ पद्धतीनं पुकारायचा. प्रत मालमत्तेच्या ठळक भागी आणि न्यायालयातही डकवायची. जमीन साऱ्याची असेल तर कलेक्टर कचेरीतही. एकाच खबरेला इतक्या वाटा, कारण कर्जदार, सावकार आणि गिऱ्हाईक वेगवेगळ्या ठिकाणी वावरत.

व्यवस्थेला काळी बाजूही होती. गावोगाव दवंडीचं हे काम जातीनं ठरलेलं असे. मुंबई इलाख्यात डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये महार वतनाविरुद्ध, म्हणजे वंशपरंपरेनं लादलेल्या गावचाकरीविरुद्ध, विधेयक मांडलं, ते अशाच राबवून घेण्यामुळे.

आता पंचायतींचे व्हॉट्सअॅप गट आहेत. त्यांवर आवाज बंद करता येतो, ही सोय चांगलीच. पण ग्रामसभेची सूचना लग्नपत्रिकांत हरवते. तिच्यासाठी वेगळा गट ठेवावा आणि फोन नसलेल्यांसाठी दवंडी चालू ठेवावी.